अकरा वर्षांपासून माहीत असलेले नाव

कोक-बुलाक गावात कोणाच्या घरावर संकट आले, की लोक आधी देवाचे नाव घेत आणि मग झुराकानचे. घर जळो, बैल दगावो, कोणाच्या मुलीला शहरातल्या दवाखान्यात न्यावे लागो. झुराकान डोक्याचा पांढरा रुमाल सोडून हातात घेई, सोबत दोन बायका घेई आणि गल्लीच्या वरच्या टोकापासून दारोदार फिरू लागे. देणाऱ्याने मूठ बंद ठेवूनच रुमालात हात घालावा, असा तिचा नियम होता. कोणी किती दिले, हे देणाऱ्यालाच ठाऊक. रुमाल सुटे तो ज्याच्यावर संकट आले त्याच्याच घरात, आणि तो सोडण्याचा मान तिथल्या सर्वांत वयस्कर बाईचा. झुराकान स्वतः एका नाण्यालाही बोट लावीत नसे. अशी एकतीस वर्षे झाली होती. तिचे वय चौसष्ट होते, नवरा वारला होता, मुलगी राजधानीत, बिश्केकला होती. रुमालाचा मान सोडला तर तिच्यापाशी अभिमानाने सांगावे असे फारसे काही उरले नव्हते. तेवढ्यात तिला समाधान होते.

समोरच्या घरात अकरा वर्षांपूर्वी एल्झादा सून म्हणून आली. नवरा उलान रशियात बांधकामावर जाई. ही घरी शाळेच्या मुलांचे गणवेश शिवी. झुराकानला ती पहिली सात वर्षे आवडत असे. अंगण लवकर झाडणारी, वडीलधाऱ्यांसमोर वाकणारी, फाजील न बोलणारी सून कोणाला आवडणार नाही?

चार वर्षांपूर्वी एका मेंढपाळाच्या मुलीच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले. झुराकान तीन दिवस फिरली. तिच्या रुमालात जाण्यायेण्याचे भाडे जमले, ऑपरेशनाचे पैसे जमले नाहीत. चौथ्या दिवशी एल्झादाने त्या मुलीचा फोटो फोनवरच्या आपल्या पानावर टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सगळी रक्कम आली. गावचीच माणसे, पण कोणी मॉस्कोत टॅक्सी चालवणारी, कोणी कोरियात कारखान्यात राबणारी. त्यांच्या दारापर्यंत झुराकानचे पाय पोहोचणे शक्यच नव्हते.

मुलीचा डोळा बरा झाला. झुराकानला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खुपू लागले. तिने त्याला नाव दिले नाही.

मग एकामागून एक संकलने एल्झादाच्या फोनवर होऊ लागली. लोक सहज म्हणू लागले की मयताला झुराकानचा रुमाल आणि दवाखान्याला एल्झादाचा फोन. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. ऐकणारीला मात्र ते वाक्य महिनाभर पुरले.

खरा घाव बसला तो एका लग्नाच्या जेवणात. आमच्याकडे बसण्याची जागा वयाने ठरते आणि मटणाचा तुकडाही वयाने ठरतो. दारासमोरच्या भिंतीपाशी, म्हणजे मानाच्या जागी, झुराकान मांडी घालून बसली होती. यजमानाने दाराजवळ चहा ओतत असलेल्या एल्झादाला हाक मारली. "एल्झादा, किटली ठेव गं. वर ये. आज तूही पाहुणी." चौतीस वर्षांची सून वर आली, आणि तिला जागा देण्यासाठी झुराकानला गुडघा आवळून सरकावे लागले. एवढ्यावर भागले नाही. थोरल्या बायकांना देतात ते कमरेचे मांसल हाड एल्झादाच्या ताटात पडले आणि झुराकानला बरगडी मिळाली. एल्झादाने लाजून ते हाड तिच्या ताटात ठेवू पाहिले. झुराकान गोड हसली आणि म्हणाली, "खा गं, खा. फोन हातात धरून धरून तुझे हात दुखले असतील." बायका हसल्या. एल्झादाही हसली. झुराकानने बरगडीला स्पर्शही केला नाही.

त्यानंतर तिने मुलीकडून एक मोठा फोन मागवला. मुलीला सांगितले, की तुझा चेहरा पाहावासा वाटतो. मुलीचा चेहरा ती रविवारी पाही. एल्झादाचे पान ती रोज पाही. किती लोकांनी 'देव भले करो' लिहिले, ते बोट सरकवत सरकवत शेवटपर्यंत वाची, आणि आपल्यासाठी असे एक वाक्य कोणी कधी कागदावर लिहिले होते का, हे आठवू पाही.

तिच्या मनात एक प्रश्न मात्र प्रामाणिक होता, आणि तो ती उघड विचारी. रुमाल कोण सोडतो, हे साऱ्या गल्लीला दिसते. फोनमधला रुमाल कोण सोडतो?

म्हणून त्या वसंतात जिल्ह्याच्या कार्यालयातून चिनारा नावाच्या अधिकारी बाई गावात आल्या आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला, तेव्हा झुराकान पुढच्या बाकावर ताठ बसली. सरकारला जणू तिचेच शब्द सुचले होते. चिनाराबाईंनी समजावून सांगितले, की दूर कुठेतरी एका बऱ्या झालेल्या मुलाचा फोटो दाखवून दोन वर्षे पैसे मागितले गेले. देणारे लांबचे असतात, त्यांना घर दिसत नाही, आजारी माणूस दिसत नाही. म्हणून त्यांच्या वतीने आता सरकार पाहील. फोनवर पैसे मागणाऱ्याने आधी कार्यालयाला कळवावे, आजाऱ्याचे खरे नाव आणि दवाखान्याचा कागद दाखवावा, खाते वेगळे ठेवावे, गरज भागली की थांबावे आणि खर्च सर्वांना दाखवावा. सही असलेली तक्रार आली, तर तपासणी होईपर्यंत संकलन थांबेल. तपासणीला दोन्ही बाजूंना समोर बोलावतील, पण तक्रार करणाऱ्याचे नाव कार्यालय गावात सांगणार नाही.

झुराकानने हात वर करून विचारले, की कोणी हे ऐकले नाही तर?

"तर बंद, आपा," चिनाराबाई म्हणाल्या.

तो शब्द झुराकानने खडीसाखरेसारखा जिभेखाली धरून घरी नेला.

परंतु दुसऱ्याच आठवड्यात एल्झादा पहिल्या मिनीबसने जिल्ह्याच्या गावी गेली, रांगेत पहिली उभी राहिली आणि शिक्क्याचे प्रमाणपत्र घेऊन आली. ते तिने शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावले. खिडकीचा पडदा सरकवला की झुराकानला ते आपल्या घरातून दिसे. ज्या नियमाने ती पडेल असे वाटले होते, त्याच नियमावर उभी राहून ती आणखी उंच झाली. झुराकानने पडदा बदलून जाड लावला. पण तो सरकवण्याची सवय गेली नाही.

राजम्याच्या मळणीच्या दिवसांत सागिनबेकचे दुखणे निघाले. सागिनबेक हा उलानचा थोरला भाऊ. बावन्न वर्षांचा, मळणीयंत्र चालवणारा, गावभर थट्टा करीत फिरणारा माणूस. त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. बिश्केकच्या डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली. रक्कम आधीच्या शुक्रवारपर्यंत भरायची होती. ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनंतर, आणि दोन महिन्यांची हमी डॉक्टर देत नव्हते. उलानने परदेशी जाण्यापूर्वी कार्यालयाचा अर्ज भरून दिला होता. फोनवरचा मजकूर तेवढा एल्झादाने लिहायचा होता.

तिने लिहिले, "आमचे मिर्झा आगा आजारी आहेत." आणि त्याखाली दवाखान्याचा कागद जोडला, ज्यावर सागिनबेक असे स्वच्छ छापलेले होते.

झुराकानने ते वाचले आणि तिला क्षणात सगळे समजले. आमच्याकडे सून नवऱ्याच्या वडीलधाऱ्यांचे नाव घेत नाही. सासरा, थोरला दीर, चुलत सासरे, सगळ्यांना ती आपल्या मनाने एकेक मानाचे नाव ठेवते आणि जन्मभर त्याच नावाने हाक मारते. शहरातल्या सुनांनी ही चाल सोडली. एल्झादाने सोडली नव्हती. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने थोरल्या दिराला मिर्झा आगा म्हटले, तेव्हा झुराकान तिथे भाकरीचे पीठ मळत होती आणि तिनेच "नाव छान ठेवलंस" असे म्हटले होते. झुराकानच्या स्वतःच्या सासऱ्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांचे नाव आजही तिच्या तोंडून निघालेले नव्हते.

हे सर्व ठाऊक असताना तिने चष्मा लावला, रेघांचा कागद घेतला आणि तक्रार लिहिली. फोनवर एक नाव आहे. दवाखान्याच्या कागदावर दुसरे आहे. पैसा नेमका कोणासाठी मागितला जात आहे, याची सरकारने चौकशी करावी. तीन वाक्ये होती, आणि तिन्हींत एकही शब्द खोटा नव्हता. कागद ती स्वतः जिल्ह्याच्या गावी देऊन आली. परतताना तिने स्वतःसाठी जर्दाळू घेतले. खूप दिवसांनी तिला काहीतरी गोड खावेसे वाटले होते.

शनिवार-रविवारची सुट्टी संपताच एल्झादाच्या पानावर करड्या रंगाची पट्टी आली: तपासणी पूर्ण होईपर्यंत संकलन थांबविण्यात आले आहे. अर्धी रक्कमही अजून जमली नव्हती. तो ऑपरेशनाच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार होता.

झुराकानने ती पट्टी पाच वेळा पाहिली. पहिल्या वेळी तिला हलके वाटले. पाचव्या वेळी वाटले नाही.

मंगळवारी शेतावर बायका राजमा चाळत होत्या. प्रत्येकीच्या तोंडी एकच विषय होता. म्हातारी बातमा चाळणी आपटीत म्हणाली, की ज्याने तो कागद लिहिला त्याच्या घशात चहा गोठो. कोणी पलीकडच्या गावावर संशय घेतला, कोणी दुकानदारावर. झुराकानकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही, आणि हेही तिला लागले. तिच्या हातून एवढे मोठे काही घडू शकेल, असे या बायकांना आता वाटतच नव्हते.

घरी येताना सागिनबेक आपल्या फाटकाबाहेर उन्हात बाकावर बसलेला दिसला. त्याचे ओठ निळसर झाले होते. उठण्याचा त्याने प्रयत्न केला, पण त्याला ते जमले नाही.

"बसल्या बसल्याच सलाम करतो, एजे," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसे तो तिला लहानपणापासून एजे म्हणे. "मळणीयंत्र पट्टा तुटला की थांबतं. मी नावावरून थांबलोय."

"औषध घेतोस ना वेळेवर?" तिने विचारले.

"घेतो की. भावजयीनं नाव ठेवलं, डॉक्टरांनी तारीख ठेवली, सरकारनं थांबवून ठेवलं. सगळे मला ठेवून घ्यायलाच बसलेत, जाऊ कुणी देत नाही." तो हसू लागला आणि हसताना त्याला धाप लागली. ती थांबेपर्यंत झुराकानला तिथे उभे राहावे लागले. रस्ता मोकळा होता, पण पाय निघेना.

तिने घरी येऊन कार्यालयाला फोन केला आणि तक्रार परत घ्यायची आहे असे सांगितले. पलीकडून उत्तर आले, की एकदा सही झाली की कागद परत मिळत नाही. गुरुवारी सकाळी प्रत्यक्ष यावे. जिच्यावर तक्रार आहे तिलाही बोलावले आहे.

गुरुवारी कार्यालयाच्या लहानशा खोलीत तिघीच होत्या. एल्झादाने झुराकानला दारात पाहिले आणि तिला वाटले, एजे आपल्याला धीर द्यायला आल्या आहेत. ती उठून वाकली. मग चिनाराबाईंनी झुराकानला तक्रारदाराच्या खुर्चीवर बसायला सांगितले. एल्झादाचा चेहरा पांढरा झाला.

चिनाराबाईंनी प्रथम एल्झादाला सांगितले, की आजारी माणसाचे नाव स्पष्ट उच्चारा, मी लिहून घेते. एल्झादा खाली पाहत राहिली. त्यांना घरात काय म्हणता, असे विचारल्यावर मिर्झा आगा म्हणाली. खरे नाव विचारल्यावर पुन्हा गप्प.

"अहो, दवाखान्याच्या कागदावर आहे ते नुसतं वाचायचंय," चिनाराबाई म्हणाल्या. "मी तालाससारख्या शहरात वाढले, पण मला कळतं हे. इथं तुमचे दीर नाहीत. फक्त आम्ही दोघी आहोत."

"माझ्या तोंडून निघत नाही, बाई."

"मग लिहा."

"लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की."

चिनाराबाईंनी पेन खाली ठेवले. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचाही नाइलाज होता. दोन नावांचा माणूस एकच आहे, हे त्या घराबाहेरच्या, त्याच गावातल्या कोणीतरी लिहून द्यायला हवे. नाहीतर कागद वर जातील आणि दोन आठवडे तरी लागतील. एल्झादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. गावाहून साक्षीदार आणायचा, तर परतीची मिनीबस दुपारनंतर होती. रक्कम भरण्याचा शेवटचा दिवस उद्याचा होता.

"मी देते लिहून," झुराकान म्हणाली.

चिनाराबाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. नाव, पत्ता, वय. झुराकानने सावकाश भरले. चौथ्या ओळीत विचारले होते, की ही माहिती आपणास केव्हापासून आहे.

तिचे पेन थांबले. आज कळले असे लिहिले, तर ती साक्ष कोणी धरणार नव्हते. आजच ज्याला कळले त्याने कशाची खात्री द्यायची? आणि खरे लिहिले, तर त्या तीन वाक्यांचा सगळा अर्थ या टेबलावर उघडा पडणार होता. समोर बसलेली पोरगी तो वाचणार होती. एकतीस वर्षे कोणाच्या मुठीत काय आहे हे न पाहणारी बाई, तिच्या स्वतःच्या मुठीत काय होते, ते आता दिसणार होते.

तिने लिहिले: अकरा वर्षांपासून.

चिनाराबाईंनी ते मोठ्याने वाचले. "म्हणजे तक्रार लिहिताना माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"हिच्यावर जळत होते," झुराकान म्हणाली. "अजूनही जळते. पण ऑपरेशनाचा सोमवार तिचा नाही, त्याचा आहे."

चिनाराबाईंनी शिक्का मारला आणि सांगितले, की पट्टी तासाभरात निघेल. मग कागद फाइलीत लावताना त्या जरा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुमची तक्रार चुकीची नव्हती, आपा. दोन नावं होतीच. तुमच्यासारखे डोळे मला हवेतच. तुम्ही जे लिहिलं नाहीत ना, ते चुकीचं होतं."

परतीची मिनीबस खच्चून भरलेली होती. एल्झादा आधी चढली होती, तिला खिडकीची जागा मिळाली होती. झुराकान चढताच ती उठून उभी राहिली. वडीलधारी बाई उभी असताना सुनेने बसू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. तिचे डोळे बाहेर लागलेले होते. झुराकानला त्या जागेवर बसावे लागले, आणि पाऊण तास तिला आपल्या खांद्याशी त्या पोरीचा कोट घासत असलेला जाणवत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

गावात पोहोचण्याआधीच पट्टी निघाली होती. संध्याकाळच्या चहाला झुराकानने पान उघडले. एल्झादाने नवा मजकूर लिहिला होता. तपासणी झाली, सर्व नीट ठरले. आमच्या गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी जिल्ह्याच्या गावी जाऊन साक्ष दिली, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. तक्रारीबद्दल एक अक्षरही नव्हते. खाली शेकडो लोकांनी त्या अनोळखी बाईसाठी लिहिले होते: देव त्यांना दीर्घायुष्य देवो. त्यांच्या हातांना मुके.

इतकी वर्षे जे वाक्य तिने दुसरीच्या नावापुढे मोजले होते, ते आता तिच्यासाठी लिहिले गेले होते. आणि ते तिला कोणी दिले होते? तिच्या हातातला चहा तसाच राहिला. माफ करण्यातही ती पोरगी तिच्या पुढे निघून गेली होती.

शुक्रवारी दुपारी रक्कम भरली गेली. ती बातमी शेतावर पोहोचली तेव्हा बायकांनी चाळण्या खाली ठेवल्या आणि हात चेहऱ्यावरून फिरवून देवाचे आभार मानले. मग बातमाने झुराकानला कोपराने ढोसले.

"ती साक्षवाली तूच ना गं? गुरुवारी तुला बसमध्ये पाहिलं म्हणे. बघा बायांनो, म्हातारं खोड, पण वेळेला उभं राहिलं."

सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. चार वर्षांत अशा नजरा तिच्यावर पडल्या नव्हत्या. एकीने तिच्यासाठी वाडग्यात चहा ओतला आणि मलईचा जाड थर तिला दिला. ती गप्प राहिली असती तर ते सगळे तिचेच होते. एल्झादा काही सांगणार नव्हती. चिनाराबाई सांगू शकत नव्हत्या.

झुराकानने वाडगे खाली ठेवले. "साक्ष मीच दिली," ती म्हणाली. "तक्रारही मीच केली होती."

वाऱ्याने भुसा उडत होता, तो उडत राहिला. बातमाने तिच्याकडे पाहिले, मग आपली चाळणी उचलली आणि ढिगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. हळूहळू आणखी दोघी गेल्या. चहा कोणी परत घेतला नाही, पण पिण्याचा आग्रहही कोणी केला नाही. झुराकान एकटीच आपल्या बाजूचा राजमा चाळत राहिली. खडे वेगळे, दाणे वेगळे.

सोमवारी ऑपरेशन झाले. सागिनबेक शुद्धीवर आला आणि त्याने पहिल्यांदा यंत्राची चावी कोणाकडे आहे असे विचारले, ही गोष्ट गावभर झाली. झुराकानला ती कोणी येऊन सांगितली नाही. तिने फोनवर वाचली.

मंगळवारी सकाळी एल्झादा तिच्या दारात आली. वाकली नाही. अकरा वर्षांत प्रथमच ती न वाकता उभी होती.

"मी झाकलं होतं ना, एजे. कुणाला कधी कळलं नसतं. का उघडलंत?"

झुराकान उंबऱ्याच्या आत उभी होती. पोरीचे डोळे रडून लाल झाले होते, आणि रागातही तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट बांधलेला होता. झुराकानच्या मनात आले, की हिच्या वयात माझा रुमाल असा कधी बसत नसे.

"तू झाकलंस म्हणून," ती म्हणाली.